किती जणांनी डाउनलोड केलं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दिलेला विषय एका ओळीचा आहे. शाळेच्या वेबसाइटवर आपण माजी विद्यार्थ्यांनी दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीचे सराव संच आणि शाळेचे जुने वार्षिकांक पीडीएफ करून ठेवले आहेत. 'ते किती जण डाउनलोड करतात, हे पंधरा मिनिटांत सांग. आणि कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत नको, आपल्या भाषेत सांग,' असा निरोप आला.

विषय दिसायला तांत्रिक आहे, पण संध्याकाळच्या सभेपुढचा एक ठराव त्यावर अवलंबून आहे. दरवर्षी आपण दहावीच्या मुलांना सराव संच छापून मोफत देतो. आता सगळं वेबसाइटवर आहे, तर छपाई बंद करून ते पैसे दुसरीकडे वापरावेत, असं काही जणांचं म्हणणं आहे. त्यांचा आधार एकच, वेबसाइटवरचा आकडा. म्हणून आधी तो आकडा कुठून येतो, त्यात काय धरलं जातं आणि काय सुटतं, ते पाहू.

आपल्या भिवंडीत हे समजवायला फार लांब जावं लागत नाही. मानकोली, दापोडा, वळ, काल्हेरकडे जा. आपल्या लहानपणी जिथे भातशेती होती, तिथे आज गोदामांच्या रांगा आहेत. गोदामाच्या गेटवर वॉचमनची वही असते. टेम्पो किती वाजता आला, त्याचा नंबर काय, माल घेऊन गेला की रिकामा परतला. आत गेलं की काउंटर असतो. तिथला माणूस चलन बघतो, रजिस्टरमध्ये जावक लिहितो, गेटपास देतो आणि मगच माल हलतो. या दोन नोंदी वेगळ्या आहेत. वॉचमन फक्त कोण आलं-गेलं ते लिहितो, काउंटरवाला विचार करून लिहितो.

वेबसाइटचंही तसंच आहे. जिथे आपल्या फाइली ठेवल्या आहेत त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तो प्रत्येक मागणीची एक ओळ आपोआप लिहून ठेवतो. या वहीला लॉग म्हणतात. एका ओळीत साधारण एवढं असतं: मागणी कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून आली, किती वाजता, कोणती फाइल मागितली, निकाल काय लागला, किती बाइट गेले, आणि मागणाऱ्याने स्वतःचं नाव काय सांगितलं, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स वगैरे. निकाल तीन आकडी असतो. २०० म्हणजे फाइल दिली. ४०४ म्हणजे अशी फाइलच नाही. ३०४ म्हणजे तुमच्याकडे आहे तीच ताजी आहे, पुन्हा देत नाही. आणि २०६ म्हणजे फाइलचा एक तुकडा दिला. हा २०६ लक्षात ठेवा, तो पुढे आपल्याला त्रास देणार आहे.

आता काउंटरवाला. सर्व्हरवर आपण एक छोटा प्रोग्राम ठेवतो, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. पानावरची 'डाउनलोड' ही लिंक थेट फाइलकडे न जाता या स्क्रिप्टकडे जाते. स्क्रिप्टला सांगितलं जातं, सतरा नंबरची फाइल हवी. ती आपल्या यादीत सतरा नंबर शोधते, तारीख-वेळ टाकून नोंद करते आणि मग फाइल हातात देते. फाइल अशा कपाटात ठेवलेली असते, जिथे बाहेरून थेट पोचता येत नाही. त्यामुळे काउंटर टाळून माल बाहेर जात नाही.

यात एक पथ्य आहे. बाहेरच्या माणसाने सांगितलेलं फाइलचं नाव स्क्रिप्टने जसंच्या तसं घ्यायचं नाही. नाहीतर कुणीतरी 'मागच्या खोलीतली पासवर्डची वही आण' असं सांगेल आणि स्क्रिप्ट आज्ञाधारकपणे ती आणून देईल. म्हणून यादीत असेल तेच द्यायचं, बाकी सगळ्याला नाही म्हणायचं.

काही जण विचारतात, पानावर फुकटचा काउंटर बसवता येतो, मग हा खटाटोप कशाला? कारण तो काउंटर पान उघडलं तरच चालतो. पीडीएफची थेट लिंक कुणी व्हॉट्सॲपवर टाकली, की मुलं पानावर येतच नाहीत, सरळ फाइल उघडतात. पानावरच्या काउंटरला त्याचा पत्ताही लागत नाही. फाइल देणाऱ्यानेच मोजलं, तर ती मागणी सुटत नाही.

आणि ही गरज जुनीच आहे. आज जगभरच्या असंख्य वेबसाइट ज्यावर चालतात त्या पीएचपी भाषेचा जन्मच मोजणीतून झाला. रास्मुस लेरडॉर्फ नावाच्या प्रोग्रामरने १९९४ मध्ये आपला बायोडेटा इंटरनेटवर ठेवला होता. तो कोण कोण बघतं हे कळावं म्हणून त्याने काही छोटे प्रोग्राम लिहिले. ८ जून १९९५ रोजी त्याने ते सगळ्यांसाठी खुले केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमची तुकडी तेव्हा दहावीच्या वर्गात होती आणि आमच्यातल्या कुणालाही याची खबर नव्हती. सांगायचं एवढंच, की 'माझं कोण वाचतंय?' हा प्रश्न वेबइतकाच जुना आहे.

मग अडचण कुठे आहे? वहीतल्या ओळी मोजल्या की झालं, असं वाटतं. तिथेच घोटाळा होतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माग होते, किंवा घरातलं कुणीतरी मागावर होतं. मागावर मीटर असतो. तो किती कापड विणलं ते सांगतो, कापड कसं आहे ते सांगत नाही. ताका उतरला की तो पसरून तपासतात, तुटलेला धागा, भोक, डाग बघतात आणि मग माल धरतात. मीटरचा आकडा आणि धरलेला माल यांत फरक पडतो, हे नारपोलीतल्या कुठल्याही कारखान्यात कुणीही सांगेल. लॉगच्या ओळी हा मीटर आहे. त्याचा ताका तपासावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री आपल्या सराव संचापुढे वीस ओळी पडल्या. सकाळी कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, 'एका रात्रीत वीस मुलांनी डाउनलोड केलं!' आपण सगळ्यांनी टाळ्यांचे हात पाठवले. आता त्या वीस ओळी तपासू.

त्यातल्या सहा ओळी माणसांच्या नाहीतच. गूगलसारख्या शोधयंत्रांचे रोबो दिवसरात्र वेबसाइटवर फिरत असतात आणि दिसेल ती फाइल उचलतात. त्यांतले सभ्य रोबो आपलं नाव सांगतात, म्हणून ओळखता येतात. काही नाव लपवतात, ते वागण्यावरून ओळखावे लागतात. एका मिनिटात साठ वार्षिकांक मागणारा माजी विद्यार्थी नसतो.

नऊ ओळींपुढे २०६ आहे. एका मुलीच्या मोबाइलने फाइल तुकड्यातुकड्याने मागितली. मोठी पीडीएफ असली की वाचणारं ॲप पहिली पानं आधी मागतं, मग पुढची. मध्ये नेटवर्क गेलं, की राहिलेला भाग पुन्हा मागतं. मुलगी एक, संच एक, ओळी मात्र नऊ. इथे काउंटरवाली स्क्रिप्ट कामी येते. मागितलेला तुकडा फाइलच्या अगदी सुरुवातीपासूनचा आहे का, हे तिला बघता येतं. तसा असेल तर नोंद करायची, पुढच्या तुकड्यांची नाही.

दोन ओळी एकाच मुलाच्या आहेत. बटण दाबलं, लगेच काही दिसलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. एक ओळ ४०४ ची, कुणीतरी जुनी लिंक वापरली आणि त्याला काहीच मिळालं नाही. उरल्या दोन, त्या स्वच्छ आहेत.

आता हिशेब करा. रोबो सहा, ते वजा. नऊ तुकड्यांची एक मुलगी. दोनदा बटण दाबणारा एक मुलगा. ४०४ चा शून्य. स्वच्छ दोन. एकूण चार. वीस ओळींतून चार डाउनलोड निघाले.

हे नियम मी मनाने बनवलेले नाहीत. जगभरातल्या ग्रंथालयांना हाच प्रश्न पडला होता. नियतकालिकांची वर्गणी भरायची, तर ती किती वापरली जातात हे कळायला हवं, आणि प्रत्येक प्रकाशक आपापल्या पद्धतीने मोजत होता. म्हणून २००२ मध्ये ग्रंथालयं आणि प्रकाशक यांनी मिळून 'काउंटर' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यांचा एक नियम फार सोपा आहे. एकाच वाचकाने तीच फाइल तीस सेकंदांच्या आत पुन्हा मागितली, तर ती एकच धरायची. रोबो पूर्णपणे वगळायचे. विकिपीडियाही पानांचे आकडे देताना माणसांचं वाचन आणि रोबोंची ये-जा वेगवेगळी दाखवतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे आकडेही तसे वेगळे करून कुणालाही बघता येतात.

इथपर्यंत आपण आकडा खाली आणला. पण चार हाही खरा आकडा नाही. तो कमी असू शकतो, आणि कदाचित खूप कमी.

त्या चारमधला एक जण शाळेजवळचा झेरॉक्सवाला असेल. त्याने एकदा डाउनलोड केलं आणि चाळीस प्रती काढून विकल्या. दुसऱ्या असतील आपल्या गणिताच्या बाई. त्यांनी फाइल उतरवली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती चुलत भावाकडे, तिथून शेजारच्या शाळेत. व्हॉट्सॲपवर फाइलच पुढे गेली, की ती आपल्या सर्व्हरकडे पुन्हा येत नाही. आपल्या रजिस्टरमध्ये एकच जावक आहे, गावभर माल मात्र वाटला गेला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे आपण सगळ्यांनी पाहिलं. बालभारती, म्हणजे १९६७ पासून आपली पाठ्यपुस्तकं तयार करणारं मंडळ. त्यांची पुस्तकं पीडीएफच्या रूपात वेबसाइटवर मोफत मिळतात. आपल्या भिवंडीत मराठी, उर्दू, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा आहेत. नवी पुस्तकं घरी पोचेपर्यंत मुलांचं वर्ष या फाइलींवर सुरू झालं. पण किती घरांत प्रत्येक मुलाने स्वतः डाउनलोड केलं असेल? शिक्षकांनी एकदा उतरवलं आणि ग्रुपवर पाठवलं. एकाच फोनवर तीन भावंडांनी आळीपाळीने वाचलं, तेही वडील कामावरून परत आल्यावर. त्या फोनमागे किती डोळे होते, हे कुठलीही स्क्रिप्ट सांगू शकत नाही.

इंटरनेट पत्त्यावरून माणसं मोजावीत, तर तिथेही फसगत होते. मोबाइल कंपन्या अनेकदा शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, तेव्हा सगळी वस्ती एकच माणूस दिसते. उलट एकच मुलगा घरच्या वायफायवरून बाहेर पडून मोबाइल डेटावर आला, की दोन माणसं दिसतात.

एका बाजूने आकडा फुगतो, दुसऱ्या बाजूने आक्रसतो. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतील आणि हिशेब बरोबर येईल, अशी आशा करू नका. त्या वेगवेगळ्या कारणांनी होतात आणि दर महिन्याला वेगळ्या प्रमाणात होतात.

मग मुलांचं नाव आणि मोबाइल नंबरच विचारू या ना, असं कुणीतरी सुचवेल. ग्रुपवर सुचवलंही गेलं आहे. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. पहिलं कारण साधं आहे, की दारात फॉर्म ठेवला की मुलं परत जातात. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलाकडे स्वतःचा नंबरही नसतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ही मुलं अठरा वर्षांखालची आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, त्यात मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल असं म्हटलं आहे, आणि मुलांच्या मागावर राहायला मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, शेकडो मुलींचे नंबर एका फाइलीत ठेवायचे आणि ती फाइल कुणाच्या हाती लागणार नाही याची जबाबदारी घ्यायची, हे आपल्यापैकी कोण करणार आहे? जे जवळ नाही, ते चोरीला जात नाही.

म्हणून आपल्या काउंटरवर एवढंच लिहायचं: तारीख, वेळ, कोणती फाइल, पूर्ण दिली की सुरुवातच झाली. दोनदा दाबलेलं बटण ओळखण्यापुरता इंटरनेट पत्ता थोडा वेळ लागतो. तो उघडा न ठेवता, उलटा वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवायचा आणि दिवस संपला की पुसायचा. वॉचमनच्या वहीत, म्हणजे सर्व्हरच्या लॉगमध्ये, तोच पत्ता उघडा असतो, म्हणून ती वहीही काही दिवसांनी आपोआप पुसली जाईल अशी सोय ठेवायची. आपल्याला हजेरी घ्यायची नाही. आपल्याला फक्त अंदाज हवा आहे.

आणि हा अंदाज निरुपयोगी नाही, हेही सांगते. एकाच नियमाने वर्षभर मोजलं, तर तुलना करता येते. बीजगणितापेक्षा भूमितीचा संच जास्त जातो का? मागणी जानेवारीत वाढते की परीक्षेच्या आदल्या आठवड्यातच? फेब्रुवारीत वाढत असेल, तर नवे संच डिसेंबरपर्यंत तयार हवेत. ४०४ च्या ओळी पाहिल्या की मुलं कोणती जुनी लिंक शोधत येतात ते कळतं, आणि ती दुरुस्त करता येते. सुरू झालेली पण अर्धवट राहिलेली डाउनलोड जास्त असतील, तर फाइल जड आहे. स्कॅन हलकं करायला हवं, कारण पोरांचा डेटा रोजच्या रोज संपतो. आकड्याने केलेलं हे काम मला 'एवढ्या जणांनी डाउनलोड केलं' या टाळीपेक्षा मोलाचं वाटतं.

आता संध्याकाळच्या ठरावाकडे येते.

छपाई बंद करावी का, या प्रश्नाचं उत्तर डाउनलोडच्या आकड्यात नाही. ज्या मुलाकडे फोन नाही, तो लॉगमध्ये दिसत नाही. ज्याच्याकडे आहे पण रात्री दहानंतरच हातात येतो, तो दिसतो, मात्र त्याची अडचण दिसत नाही. पाच इंचांच्या पडद्यावर भूमितीची आकृती बघून वहीत काढणारी मुलगी लॉगमध्ये एक यशस्वी डाउनलोड आहे, २००, सगळं ठीक. तिला कागद हवा होता, हे २०० सांगत नाही. छपाईची गरज नेमकी याच मुलांना आहे, आणि नेमकी हीच मुलं या आकड्यात नाहीत किंवा अर्धवट आहेत. आकडा कितीही मोठा निघाला, तरी तो या मुलांबद्दल काही बोलत नाही.

तेव्हा माझी सभेला चार गोष्टींची विनंती आहे.

पहिली, वेबसाइटवरचा आकडा दाखवायचा असेल तर त्याखाली मोजण्याचा नियम दोन ओळींत लिहा. रोबो वगळले आहेत, तीस सेकंदांत पुन्हा मागितलेली फाइल एकदाच धरली आहे. देणगी मागताना हाच आकडा सांगा, मोठा दिसणारा दुसरा नको.

दुसरी, छापील संच वाटतानाही रजिस्टर ठेवा. किती छापले, किती गेले, किती उरले. मुलांची नावं नकोत, फक्त संख्या. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवू.

तिसरी, वर्षातून एकदा वर्गात जाऊन विचारा. 'संच कुणी कागदावर सोडवला, कुणी फोनवर, कुणाला मिळालाच नाही?' हात वर करायला सांगा आणि हात मोजा. दहा मिनिटांचं हे काम कुठल्याही स्क्रिप्टपेक्षा जास्त सांगेल. बाई, सर, यात तुमची मदत लागेल.

चौथी, हे तिन्ही आकडे एक पूर्ण शालेय वर्ष जमू द्या. तोपर्यंत छपाई चालू ठेवा. स्क्रिप्ट लिहायचं आणि सांभाळायचं काम मी घेते. ते मोठं नाही, आणि नव्या तुकडीतल्या ज्या मुलामुलींना कॉम्प्युटरची आवड आहे त्यांना सोबत घेतलं, तर पुढे तेच सांभाळतील.

जाता जाता जुन्या वार्षिकांकांबद्दल. त्यांचं डाउनलोड फार कमी असतं, म्हणून जागा अडते, काढून टाका, असंही एक मत आहे. वाचनालयात पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असायची, आठवते ना? दोनच शिक्के असलेलं पुस्तक आपल्या बाईंनी कधी रद्दीत दिलं नाही. वार्षिकांक वर्षाला एकदाच कुणी उघडत असेल, पण उघडणारा आपल्या आजीची पहिली कविता शोधत आला असेल. सराव संच हजारांसाठी असतात, वार्षिकांक एखाद्यासाठी. दोघांना एकाच मीटरने मोजू नका.

आपल्या संग्रहात काही वर्षांचे अंक अजून नाहीत. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असतील तर आणून द्या. स्कॅन करून जसेच्या तसे परत मिळतील. त्याचं टेबल हॉलच्या दाराशीच ठेवलं आहे, आणि तिथेही आवक-जावक रजिस्टर आहे.